कोंडा, पेंड आणि कांदा : आतड्यातल्या जिवाणूंच्या चाऱ्याचा इतिहास

शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली मुले पहिल्यांदा जे पाहतात तो बहुधा कांद्याचा पापुद्रा असतो. पापुद्रा काचपट्टीवर पसरायचा, त्यावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी पाहायच्या. पेशी पिवळसर तपकिरी दिसतात. तेच द्रावण बटाट्याच्या चकतीवर टाकले तर चकती निळीकाळी होते. बटाटा जमिनीत अन्न साठवतो, कांदाही साठवतो. मग कांद्याच्या पेशी निळ्या का होत नाहीत? हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. तो विचारला, तर त्याचे उत्तर शोधता शोधता आपण कोंबडीच्या आतड्यापर्यंत आणि तिथून माणसाच्या दवाखान्यापर्यंत जाऊन पोहोचतो. या लेखात आपण तोच प्रवास करू. त्यासाठी सोबतीला घेऊ रायगडचा किनारा.

स्टार्च नसलेला साठा

बर्लिनमधील औषधनिर्माते व्हॅलेंटिन रोझ यांनी १८०४ साली इन्यूला या वनस्पतीच्या मुळ्या गरम पाण्यात उकळून एक पांढरी भुकटी मिळवली. ती स्टार्चसारखी दिसे, पण स्टार्च नव्हती. पुढे स्कॉटिश रसायनतज्ज्ञ टॉमस टॉमसन यांनी वनस्पतीच्या नावावरून या पदार्थाला 'इन्युलिन' म्हटले.

स्टार्च ही ग्लुकोजच्या रेणूंची साखळी, तर इन्युलिन ही प्रामुख्याने फ्रुक्टोजच्या रेणूंची. कांदा, लसूण, शतावरी, डेलिया आणि चिकोरी या वनस्पती आपला साठा अशा फ्रुक्टोजच्या साखळ्यांमध्ये ठेवतात. या साखळ्यांना एकत्रितपणे 'फ्रुक्टान' म्हणतात. चिकोरीच्या मुळात त्या लांब असतात, कांद्यात आखूड. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशींत स्टार्च नसतो, म्हणून आयोडीन तिथे निळा रंग दाखवत नाही. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर अधिक रंजक आहे. माणूस, कोंबडी, डुक्कर यांच्यापैकी कोणाच्याही पाचक रसात फ्रुक्टानची साखळी तोडणारे विकर नाही. म्हणजे कांद्यातला हा साठा लहान आतड्यातून जवळजवळ जसाच्या तसा पुढे सरकतो आणि जिथे जिवाणूंची दाट वस्ती आहे तिथे पोहोचतो. माणसात ती जागा मोठ्या आतड्यात असते. कोंबडीत ती लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ फुटलेल्या दोन बंद पिशव्यांत असते. या पिशव्यांना आंधळी आतडी म्हणतात. तेथील काही जिवाणूंजवळ हे विकर असते. आपण खातो ते अन्न, पण जेवतात ते जिवाणू!

कुलाब्याच्या अंगणात

आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. भात हे इथले मुख्य पीक. उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर त्याच्या जोडीला नारळ-सुपारीच्या वाड्या. खाद्याच्या गोणी बाजारात मिळू लागण्याआधी इथल्या जनावरांना आणि कोंबड्यांना काय मिळे, याचा विचार केला तर यादी छोटी निघते : भाताचा पेंढा, कोंडा, कणी, तेलाच्या घाण्यावरची पेंड, घरातले खरकटे आणि कोंबडीने स्वतः उकरून काढलेले किडे.

घाण्याचा विषय निघाला की या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल समाजाची आठवण होते. नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हे मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. घाण्यातून तेल निघे ते माणसांसाठी, आणि मागे उरे ती पेंड गुरांसाठी.

या जुन्या खाद्याकडे आजच्या रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर काय दिसते? कोंड्यात ॲरॅबिनोझायलान नावाचा तंतुमय पदार्थ आहे. खोबऱ्याच्या पेंडीत मॅनोज या शर्करेच्या साखळ्या, म्हणजे मॅनान, भरपूर आहेत. कांदा-लसणीत फ्रुक्टान आहेत. हे सारे पदार्थ असे की प्राण्याचे स्वतःचे विकर त्यांच्यापुढे थिटे पडतात आणि जिवाणू मात्र आपापल्या कुवतीप्रमाणे ते तोडतात.

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो टाळायला हवा. कोंडा दिला जाई कारण तो घरचा होता. पेंड दिली जाई कारण तिच्यात उरलेले तेल आणि प्रथिने होती आणि तिने दूध वाढते असा अनुभव होता. जिवाणूंचा विचार त्यामागे नव्हता, असणे शक्यही नव्हते. एखादी गोष्ट उपयोगी असणे आणि ती का उपयोगी आहे हे माहीत असणे, यांत मोठे अंतर असते. विज्ञानाचा इतिहास हा पुष्कळसा या अंतराचाच इतिहास आहे.

जिवाणू : शत्रू की शेजारी?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांच्या कामामुळे जिवाणू म्हणजे रोग असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले. त्याला पहिले तडे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतच गेले. १८९९ च्या सुमारास हेन्री तिसिए यांना आईच्या दुधावर वाढणाऱ्या निरोगी बाळांच्या विष्ठेत इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दुफाटे असलेले जिवाणू आढळले. तेच आजचे बिफिडोबॅक्टेरिया. त्याच संस्थेतील एली मेचनिकॉफ यांनी आंबवलेल्या दुधातील जिवाणू आतड्याला हितकर असतात हा विचार हिरिरीने मांडला. मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील कामाबद्दल.

मग प्रश्न आला की आईच्या दुधात असे काय आहे, ज्यावर हे जिवाणू पोसतात? १९५४ साली पॉल जॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मानवी दुधात काही विशिष्ट शर्करासाखळ्या असतात आणि त्यांच्यामुळे बिफिडोबॅक्टेरिया वाढतात. बाळाला त्या पचत नाहीत. आई दुधातून बाळाबरोबर त्याच्या जिवाणूंनाही खाऊ घालते! गाईच्या दुधात या साखळ्या फार कमी असतात, पण विल्यानंतरच्या पहिल्या चिकात त्यांचे प्रमाण अधिक असते. वासराला चीक पोटभर पाजण्याचे मुख्य कारण त्यातील प्रतिपिंडे हे आहे. या शर्करा हे त्याला जोडून आलेले दुसरे कारण.

प्रतिजैविकांची पेंड

याच सुमारास अमेरिकेत एक वेगळीच घटना घडली. लेडर्ली प्रयोगशाळेत ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक सापडले आणि १९४८ साली ते जाहीर झाले. त्या काळात तेथील संशोधनाची धुरा आंध्रमधून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. तेथेच टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे कोंबड्यांच्या खाद्यासाठी 'ब१२' जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. प्रतिजैविक काढून घेतल्यावर टाकीत उरणारा गाळ त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. पिल्ले वाढली, पण जीवनसत्त्वाच्या हिशेबाने वाढायला हवीत त्याहून कितीतरी जास्त वाढली. गाळात उरलेल्या किंचित प्रतिजैविकाचा तो परिणाम होता. १९५० साली ही बातमी जगभर गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मोकळीक मिळाली.

गंमत पाहा. घाण्यातून उरलेली पेंड आणि औषधाच्या टाकीतून उरलेला गाळ, दोन्ही उपउत्पादनेच. पहिली जिवाणूंना चारा पुरवते, दुसरा त्यांना मारतो. किमान खाद्यात जास्तीत जास्त वजन या हिशेबात दुसऱ्याची सरशी झाली आणि पुढची अर्धी शतक कोंबड्यांच्या खाद्यात प्रतिजैविके जात राहिली.

पिल्ले वाढत का होती? १९६३ साली इंग्लंडमध्ये मेरी कोट्स आणि सहकाऱ्यांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना प्रतिजैविक दिले. त्यांची वाढ वेगाने झाली नाही. म्हणजे औषधाचा परिणाम थेट पिल्लावर नव्हता, तो आतड्यातील जिवाणूंमार्फत होता. 'अमुक नसताना काय होते' हे पाहून कारण शोधण्याचे इतके सोपे उदाहरण वर्गात सांगण्यासाठी दुसरे मिळणे कठीण.

या सोयीची किंमत हळूहळू दिसू लागली. अल्प मात्रेत रोज औषध मिळाले की आतड्यातले दुबळे जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात. १९६९ मध्ये ब्रिटनमधील स्वान समितीने याबद्दल स्पष्ट इशारा दिला. १९८६ मध्ये स्वीडनने वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. १९९५ मध्ये डेन्मार्कने ॲव्होपार्सिनवर बंदी घातली आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके वापरणे थांबले. डेन्मार्कमध्ये ब्रॉयलर कोंबड्यांच्या वाढीवर याचा फारसा परिणाम झाला नाही. डुकरांच्या दूध तोडलेल्या पिल्लांत मात्र हगवण वाढली. आतडे मोकळे सोडून चालत नाही, त्याची काळजी दुसऱ्या मार्गाने घ्यावी लागते, हा त्यातला धडा.

खुडूक कोंबडीचे काम

तो दुसरा मार्ग फिनलंडमध्ये सापडला होता. १९७१ मध्ये तेथील ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला जिवाणूंचा मोठा प्रादुर्भाव झाला. एस्को नुर्मी आणि त्यांच्या सहकारी रंताला यांच्या लक्षात आले की उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ रिकामे असते. आधी पोहोचेल त्याची जागा! त्यांनी निरोगी, पूर्ण वाढलेल्या कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना दिले. त्या पिल्लांत साल्मोनेला सहजासहजी घर करू शकला नाही. हा निबंध १९७३ मध्ये 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

कोकणातल्या कुठल्याही घराच्या मागील दारी हे काम खुडूक कोंबडी न बोलता करीत आली आहे. एकवीस दिवस अंडी उबवायची, मग पिल्लांना घेऊन उकिरड्यावर फिरायचे. आईच्या विष्ठेतून, पिसांतून, उकरलेल्या मातीतून पिल्लांना तिचे जिवाणू मिळतात. यंत्राने उब दिली, स्वच्छता दिली, हजारो पिल्ले एकाच दिवशी दिली, पण आईकडून मिळणारा हा वारसा तेवढा राहून गेला. मुंबईच्या बाजारपेठेमुळे रायगड जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या ब्रॉयलरच्या शेडमध्ये येणारे एक दिवसाचे पिल्लू याच यंत्रातले असते.

आता आणखी एक पर्याय पुढे आला. बाहेरून जिवाणू देण्याऐवजी, आत असलेल्या चांगल्या जिवाणूंना त्यांच्या आवडीचा चारा दिला तर? १९९५ साली ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी अशा चाऱ्याला 'प्रीबायोटिक' हे नाव दिले. जिवंत जिवाणू देणे म्हणजे प्रोबायोटिक, त्यांचे खाद्य देणे म्हणजे प्रीबायोटिक. फ्रुक्टान हे त्याचे पहिले आणि सर्वांत अभ्यासलेले उदाहरण.

हे काम कसे करते? आंधळ्या आतड्यातील जिवाणू फ्रुक्टान आंबवतात. त्यातून लॅक्टिक आम्ल आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी लहान मेदाम्ले तयार होतात. आम्लता वाढली की साल्मोनेलासारख्यांना ती मानवत नाही. ब्युटिरिक आम्ल तर आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे अन्नच आहे. मॅनोजची तऱ्हा वेगळी. साल्मोनेला आतड्याच्या भिंतीला धरून राहतो तो तिथल्या मॅनोजला आपल्या केसांसारख्या तंतूंनी पकडून. पिण्याच्या पाण्यातच मॅनोज असेल तर हे तंतू त्यालाच चिकटतात आणि जिवाणू भिंतीऐवजी विष्ठेबरोबर बाहेर पडतात. १९८९ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी पिल्लांवर हे करून दाखवले.

म्हणून खोबऱ्याची पेंड भरभरून घालावी का? नाही. मॅनानच्या लांब साखळ्यांमुळे आतड्यातील द्रव्य चिकट होते आणि पिल्लांची वाढ उलट खुंटते. साखळ्या विकराने तोडून आखूड केल्या तर त्यांचा उपयोग होतो. पदार्थ तोच, साखळीची लांबी वेगळी, परिणाम उलटा. फ्रुक्टानवरच्या प्रयोगांचे निष्कर्षही सगळीकडे सारखे येत नाहीत. मात्रा, पिल्लाचे वय आणि शेडची स्वच्छता यांवर ते अवलंबून असतात.

कोंबडी वेगळी, गाय वेगळी

अलिबागचा पांढरा कांदा प्रसिद्ध आहे. भात कापून झाल्यावर कार्ले, खंडाळे, नेहुली अशा गावांत तो लावला जातो आणि उन्हाळ्यात त्याच्या विणलेल्या माळा रस्त्याकडेला विकायला येतात. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वेळी १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमधील उल्लेखाचा दाखला देण्यात आला होता. कांद्यात फ्रुक्टान असतात हे कळल्यावर एखादा हुशार विद्यार्थी नक्कीच विचारील, "मग खराब झालेला कांदा गोठ्यात का टाकू नये?"

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ तयार हवे, कारण त्यावर एखाद्या जनावराचा जीव अवलंबून असू शकतो. कांद्यात गंधकाची संयुगेही असतात. ती रक्तातील हिमोग्लोबिनवर आघात करतात, तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते आणि जनावर पंडुरोगाने दगावू शकते. अशी विषबाधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदवलेली आहे. पाळीव जनावरांत गाय याला सर्वांत बळी पडणारी. शेळ्या-मेंढ्या तुलनेने काटक. कुत्रा आणि मांजर यांनाही कांदा घातक. खाद्यात वापरायचे ते शुद्ध केलेले फ्रुक्टान, उकिरड्यावरचा कांदा नव्हे.

शिवाय मोठ्या गाईला फ्रुक्टानचा वेगळा लाभही नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचा पहिला कप्पा हाच आंबवण्याचा मोठा हौद असतो. पेंढा, कोंडा, फ्रुक्टान, सारे तिथेच आंबते, आतड्यापर्यंत काही उरत नाही. अपवाद दूधपित्या वासराचा. त्याचा पहिला कप्पा अजून तयार नसतो आणि दूध एका पन्हळीतून त्याला वगळून पुढे जाते. म्हणून त्या पहिल्या काही आठवड्यांत, हगवणीचा धोका सर्वांत मोठा असताना, प्रीबायोटिकला वासराच्या आतड्यात वाव असतो.

दवाखान्यापर्यंत

हा सारा खटाटोप केवळ कोंबडीच्या वजनासाठी असता तर आम्ही त्यावर इतकी पाने खर्च केली नसती. कोलिस्टिन या औषधाची गोष्ट पाहा. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ते सापडले. मूत्रपिंडाला त्रास देते म्हणून डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले. कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात मात्र ते जात राहिले. पुढे इतर औषधे निकामी ठरू लागली, तेव्हा अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी अखेरचा उपाय म्हणून डॉक्टरांना कोलिस्टिनकडेच परतावे लागले. आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणाऱ्या जनुकावर सापडला आहे. डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

बंदीमुळे एक दार बंद होते. शेडमधल्या पिल्लाला हगवण लागायची ती लागतेच. करारावर कोंबड्या वाढवणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न किती पिल्ले जगली यावर ठरते. त्याला औषधाऐवजी काय करायचे हे सांगता आले नाही तर बंदी कागदावर राहील. स्वच्छता, लसीकरण, कोरडे तूस, शेडमध्ये खेळती हवा ही पहिली उत्तरे. प्रीबायोटिक हे त्यांच्या जोडीचे, त्यांची जागा घेणारे नव्हे.

वर्गात

तीन गोष्टी सहज करता येतील. एक : कांदा, लसूण, बटाटा, रताळे, कच्चे केळे यांच्या चकत्यांवर आयोडीन टाकून स्टार्च कुठे आहे, कुठे नाही याचा तक्ता करणे. दोन : मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोंबड्या-गुरांना काय घालत आणि आज काय घालतात याची यादी करणे. तीन : जवळच्या औषधाच्या किंवा खाद्याच्या दुकानातील गोणीवरील छापील मजकूर वाचून त्यात कोणकोणते घटक लिहिले आहेत ते उतरवून आणणे.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोणीवर 'नैसर्गिक' आणि 'वनस्पतिजन्य' हे शब्द आता सर्रास दिसतात. कांदा नैसर्गिकच आहे आणि तो गाईला मारू शकतो. ऑरिओमायसिनही मातीतल्या एका जिवाणूनेच बनवले होते. तेव्हा प्रश्न नैसर्गिक की कृत्रिम हा नाही. कोणता पदार्थ, किती, कोणत्या प्राण्याला, कोणत्या वयात आणि कोणी मोजून पाहिले, हे विचारायचे. मुलांना एवढे पाच प्रश्न विचारायची सवय लागली, तर त्यांच्या गावातल्या शेडमध्ये आणि त्यांच्या घरातल्या औषधाच्या डब्यातही ती उपयोगी पडेल.